बिनतारी दाराची कडी

२६ जुलै २००८ च्या सायंकाळी अहमदाबाद शहर बॉम्बस्फोटांच्या मालिकेने हादरले. पन्नासहून अधिक निरपराध नागरिकांना प्राण गमवावे लागले. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचा ई-मेल येऊन पडला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा पोहोचली ती नवी मुंबईत, सानपाड्यातील एका सदनिकेच्या दाराशी. तेथे राहणारा गृहस्थ अमेरिकन नागरिक होता. ई-मेल त्याने लिहिला नव्हता, त्याला त्याची वार्ताही नव्हती. त्याच्या घरातील बिनतारी इंटरनेट जोडणीला कुलूप नव्हते, एवढेच. त्यानंतर २३ ऑगस्टचा ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या बिनतारी जाळ्यातून गेला आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या जाळ्यातून. एक घर, एक विद्यालय आणि एक कार्यालय! तिन्ही ठिकाणची माणसे आपापल्या उद्योगात मग्न होती आणि त्यांच्या नकळत त्यांचा पत्ता कोणी उसना घेऊन गेले.

या घटनांना आता एका तपाहून अधिक काळ लोटला. त्यांचे राजकीय आणि न्यायालयीन पडसाद पुष्कळ चर्चिले गेले. परंतु त्यांतून निघणारा एक साधा, व्यवहारी धडा मात्र विस्मृतीत गेला. आजही एखाद्या पतसंस्थेत, सनदी लेखापालाच्या कचेरीत किंवा शाळेच्या कार्यालयात 'वाय-फाय लावणे' हे पंखा बसवण्याइतकेच किरकोळ काम मानले जाते. दुकानातून एक पेटी येते, विक्रेत्याचा मुलगा ती भिंतीला अडकवतो, केबल खोचतो, साहेबांच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू झाल्याचे दाखवतो आणि चहा घेऊन निघून जातो. पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहतो. तो ठाऊक असलेला मनुष्य कार्यालयात कोणीही नसतो. बाहेर मात्र तो कोणालाही शोधता येतो.

वस्तुतः ॲक्सेस पॉइंट म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. कार्यालयातील संगणक, मुद्रणयंत्र आणि हिशेबाचा सर्व्हर हे सारे तारांनी एका स्विचला जोडलेले असतात. त्या जाळ्यात शिरायचे तर पूर्वी कार्यालयात येऊन भिंतीवरील खाचेत तार खोचावी लागे. दरवाजा, शिपाई आणि कुलूप हेच त्या जाळ्याचे रक्षण करीत. ॲक्सेस पॉइंट त्याच स्विचला एका केबलने जोडला जातो आणि ती खाच हवेत नेऊन ठेवतो. मग खाच भिंतीपलीकडच्या जिन्यातही असते, समोरच्या पानटपरीवरही असते आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतही असते. जो तेथून जोडला गेला, तो जणू कार्यालयातील खुर्चीवर येऊन बसला. शिवाय बाहेरच्या जगाला आतील वीस संगणक निरनिराळे दिसत नाहीत. दिसतो तो साधारणतः एकच पत्ता, जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा. पोलीस सानपाड्याच्या त्या दारावर का गेले, याचे उत्तर यातच आहे.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" हा या संदर्भातील नेहमीचा प्रश्न. २००८ साली त्या तिन्ही ठिकाणांहून कोणी काय चोरले? काहीही नाही. आणि ज्यांच्याकडे चोरण्यासारखे असते त्यांचीही कथा आहेच. अमेरिकेतील 'टीजेएक्स' या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या एका दुकानातील बिनतारी जाळ्याला डब्ल्यूईपी नावाचे जुने, तकलादू कुलूप होते. ते कुलूप कसे फोडता येते, हे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिले होते. चोर त्यातून कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेपर्यंत गेले. २००७ साली हे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा किमान साडेचार कोटी पतपत्रांचा तपशील बाहेर गेल्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

तेव्हा कुलूप कोणते, हा पहिला प्रश्न. डब्ल्यूईपीचा पर्याय जुन्या पेटीत अजूनही दिसला तर ती पेटी भंगारात द्यावी. डब्ल्यूपीए-टू किंवा २०१८ पासून आलेले डब्ल्यूपीए-थ्री हेच निवडावे. पेटीवरील 'डब्ल्यूपीएस' नावाचे बटण सोयीचे वाटते, पण त्याच्या आठ अंकी संकेतांकाची तपासणी दोन तुकड्यांत होत असल्याने तो सुमारे अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ च्या अखेरीस सिद्ध झाले आहे. ती सोय बंदच केलेली बरी. जाळ्याचे नाव लपवून ठेवले की काम झाले, असे सांगणारे महाभागही भेटतात. दारावरची पाटी काढली म्हणून दार बंद होत नाही.

उत्तम कुलूप लावूनही किल्ली उघड्यावर ठेवण्याची आपली रीत निराळीच. पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला, पाहुण्यांना तोच, लेखापरीक्षकांना तोच आणि नोकरी सोडून गेलेल्या तिघांच्या मोबाइलमध्येही तोच! पाहुण्यांसाठी वेगळे जाळे हवे. त्यातून केवळ इंटरनेट मिळावे, हिशेबाचा सर्व्हर दिसू नये. आजच्या बहुतेक पेट्यांत ही सोय असते. मोठ्या कार्यालयात प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देता येतो. कोणी सोडून गेला की त्याचे एकट्याचे दार बंद होते. लहान कार्यालयात निदान कर्मचारी गेल्यानंतर पासवर्ड बदलण्याची शिस्त असावी.

घरगुती राउटर आणून तोच ॲक्सेस पॉइंट म्हणून लावण्याचा काटकसरी प्रकारही सर्वत्र आढळतो. त्यात गैर काही नाही. पण तो राउटर स्वतःही संगणकांना पत्ते वाटू लागतो आणि जाळ्यात पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले की निम्म्या टेबलांचा सर्व्हरशी संपर्क तुटतो. त्याचे पत्ते वाटणे बंद करावे, त्याला स्वतःला मोकळा असलेला एक पत्ता द्यावा आणि केबल इंटरनेटच्या खाचेत न घालता इतर खाचांपैकी एकीत घालावी. जागाही विचारपूर्वक निवडावी. खिडकीपाशी लावलेली पेटी अर्धे बळ रस्त्याला वाटते. लोखंडी कपाटाआड लावलेली कोणालाच देत नाही. कार्यालयाच्या मध्यभागी, उंचावर, हीच तिची जागा.

शासनाने या बाबतीत अगदीच डोळेझाक केली असे नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी बिनतारी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट सेवा कंपन्यांना सूचना दिल्या. पोलीस गल्लोगल्ली लॅपटॉप घेऊन फिरणार, हे दृश्य थोडे विनोदी वाटले खरे. पण नागरिकांनी आपले दार लावले नाही तर दुसरे होणार काय? २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या आदेशांनी आता कंपन्या, संस्था आणि शासकीय कार्यालयांवर स्पष्ट दायित्व टाकले आहे. यंत्रणेत अनधिकृत शिरकाव झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या.

नोंदींचा हा मुद्दा कार्यालयप्रमुखाने विक्रेत्याच्या मुलावर सोडू नये. स्वस्त पेटी आपल्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत ठेवते. वीज गेली की त्या पुसल्या जातात. त्या नोंदी कार्यालयातीलच दुसऱ्या एका संगणकावर पाठवण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी आणि पेटीचे घड्याळ बरोबर लावावे. अमुक दिवशी, सायंकाळी अमुक वाजता या जाळ्याला कोण जोडलेले होते, असे विचारणारा अधिकारी दारात उभा राहिला, तर दाखवायला त्या कार्यालयाकडे त्या नोंदवहीखेरीज काही असत नाही.