इंजिन-स्पर्धा भरवणाऱ्यांना जाहीर आवाहन

संगणक-बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या आणि त्यात इंजिन उतरवणाऱ्या सर्वांना,

नियम पहिल्या खेळीआधी सांगा, एवढंच आमचं मुख्य मागणं. त्यातही उसन्या कोडबद्दलचा. 'क्राफ्टी' आणि 'फ्रूट' या इंजिनांमधून उचलेगिरी केल्याचा ठपका ठेवून आयसीजीए या संघटनेनं 2011 मध्ये 'रिब्का'ची 2007 ते 2010 ही चारही जगज्जेतेपदं काढून घेतली, लेखकावर आजन्म बंदी घातली. पुढे त्या बंदीवर फिडेच्या नीतिमत्ता आयोगानंही बोट ठेवलं. मागच्या क्रमांकाच्या इंजिनांना किताब मिळाले, पण मागाहून. जिंकल्याचा आनंद काही मिळाला नाही. आता न्यूरल नेटवर्कमुळे गुंता वाढलाय. शोधाचा कोड स्वतःचा, पण नेटवर्क स्टॉकफिश या इंजिनाच्या डेटावर शिकवलेलं, तर ते इंजिन कुणाचं? काय ते ठरवा, पण प्रवेशिकेवरच छापा. आणि शंका आली तर चारचौघांत बोलण्याआधी लेखकाला विचारा.

यंत्रांचंही तेच. 2015 मध्ये लायडनला 'जॉनी' 2400 कोअर्सच्या जोरावर जगज्जेता झाला. नियमाबाहेर काही नव्हतं. 1995 मध्ये हाँगकाँगला साध्या पेंटियमवरच्या 'फ्रिट्झ'नं आयबीएमच्या 'डीप ब्लू'च्या प्रोटोटाइपला हरवलं होतं हेही खरं, पण असं रोज घडत नाही. सगळ्यांना एकच यंत्र द्या. जमत नसेल तर लॅपटॉपवाल्यांचा गट वेगळा करा. प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा.

नवं इंजिन हरतं ते बहुधा गमतीदार कारणानं. आठव्या घरात पोचलेल्या प्याद्याचा समोरच्यानं वजिराऐवजी घोडा केला की ते कोलमडतं. नाहीतर हातातल्या डावात वेळ संपवून बसतं. हसा खुशाल, पण लॉग फाइल लेखकाला पाठवा, पुढच्या फेरीआधी दुरुस्ती करू द्या. स्पर्धेआधी एखादा चाचणी-डाव ठेवलात तर निम्मी नामुष्की टळेल. गटही ताकद बघून पाडा. स्टॉकफिशकडून ओळीनं मार खाल्लेला पोरगा पुढच्या वर्षी फिरकत नाही.

प्रवेशिका भरणाऱ्यांनो, तुम्हीही हात वर करू नका. जीपीएल परवान्याचा कोड घेतलात तर तसं लिहा, आणि इंजिन वाटणार असाल तर सोर्सही द्या. याच परवान्यापायी स्टॉकफिशच्या लेखकांना 2021 मध्ये चेसबेस या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं होतं.

पुढच्या स्पर्धेचं नियमपत्रक निदान महिनाभर आधी सर्वांच्या हाती पडावं, ही विनंती.

आपले,
इंजिन लिहिणारे काही हौशी