डोंगरावर न्हाणीघर कशाला?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील अकरा कुटुंबे, लहानथोर मिळून सेहेचाळीस माणसे, दोन रात्रींच्या मुक्कामासाठी पाचनईला गेली होती. कसारा घाट चढून, घोटी आणि राजूर मागे टाकून, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी वसलेले हे अकोले तालुक्यातील गाव. एका शेतकरीदादांच्या नांगरलेल्या वावराशेजारी आम्ही तंबू ठोकले. शौचासाठी गोणपाटाच्या आडोशाआड खणलेला खड्डा, हात धुण्यासाठी एक पिंप, रात्री दोन कंदील आणि जेवायला चुलीवरचे पिठले-भाकरी, एवढीच काय ती व्यवस्था. आंघोळीची सोय नव्हती. हे सारे जाण्यापूर्वीच सर्वांना सांगितले होते.

परतल्यावर पंधरवडाही लोटला नाही तोच तक्रारींना तोंड फुटले. आंघोळीवाचून जीव नकोसा झाला, कमोड नव्हता, दिवे नव्हते, मुलांचे मोबाईल बंद पडले. मग सूचना आली: पुढच्या खेपेस त्या शेतकऱ्याला चार पक्की न्हाणीघरे आणि फ्लशची शौचालये बांधायला सांगावे, मोठे दिवे लावून घ्यावेत, लागेल तो पैसा आपण आगाऊ देऊ. सूचना करणारी मंडळी आमचीच, जिव्हाळ्याची. पैसे देण्याची त्यांची तयारीही मनापासूनची. तथापि या सूचनेला आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि तो का, हे चारचौघांत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम साधा हिशेब करू. सेहेचाळीस माणसांनी प्रत्येकी पंधरा लिटरची एक बादली आंघोळीला घेतली, तर सहाशे नव्वद लिटर पाणी झाले. दिवसाकाठी प्रत्येकाने तीनदा फ्लश ओढला आणि दर वेळी दहा लिटर पाणी गेले, तर आणखी तेराशे ऐंशी लिटर. एका दिवसाचे दोन हजार सत्तर लिटर! पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास एकशे अडतीस हंडे. हे हंडे कोणाच्या डोक्यावरून येणार? ज्या पहाटे आम्ही चहाची वाट पाहत तंबूत पडून होतो, त्याच पहाटे गावातल्या बायाबापड्या विहिरीभोवती बसून होत्या. विहिरीचा तळ उघडा पडला होता. पाणी पाझरेल तसे एक जण खाली उतरून वाटीने भरत होती आणि वरच्या बाया कळशी ओढून घेत होत्या. आमच्या स्वयंपाकाचे पाणी त्यांच्याच पाण्यातून आले होते. ते त्यांनी कुरकुर न करता दिले, म्हणून त्यावर आमचा हक्क प्रस्थापित होत नाही.

पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात पाणी नसावे, याचे नवल वाटते खरे. परंतु सह्याद्रीचा हा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. उभ्या उतारांवरून पाऊस आला तसा ओढ्यांतून निघून जातो आणि जमिनीच्या पोटात थोडेच उरते. जुन्या काळच्या माणसांना हे ठाऊक होते. हरिश्चंद्रगडावर चढून पाहावे: पाण्याची टाकी कातळात खोदलेली आहेत. पावसाचे पाणी साठवावे आणि ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवावे, असा तो संसार. पाणी पुरेल तेवढीच माणसे आणि तेवढेच राहणे, हा डोंगराचा नियम आहे. पैशाने न्हाणीघर बांधता येते. विहिरीला झरा मात्र फुटत नाही.

हे वसईकरांना आम्ही सांगावे, याचेच वाईट वाटते. आपल्या वाडवडिलांनी रहाटाने पाणी ओढून वाड्या जगविल्या, बावखले राखली. मग शहरांना पाणी विकण्यासाठी आपल्याच विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरभरून जाऊ लागले. पाणी नेणारेही पैसे देतच होते! विहिरी खारट झाल्या तेव्हा त्या पैशाचा काय उपयोग झाला, हे जाणत्या मंडळींनी आपल्या मुलांना एकदा सांगावे. जो अन्याय आपल्यावर झाला म्हणून आपण आक्रोश केला, तोच दुसऱ्याच्या गावात जाऊन आपण करावा काय?

दुसरी मागणी दिव्यांची. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्या परिसरातील ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ यांच्यावर काजव्यांची आरास असते. ती आपल्या करमणुकीसाठी नसते. नर आणि मादी प्रकाशाच्या खुणेने एकमेकांना शोधतात. प्रौढ काजव्याला त्यासाठी मोजकेच दिवस लाभतात. त्यापूर्वीचा दीर्घ काळ त्याची अळी ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढलेली असते. तिथे मोठे दिवे लागले की काजव्यांच्या खुणा हरवतात, आणि वाटेल तिथे पावले पडली की जमिनीवरचे जीव चिरडतात. पहिल्या रात्री आमच्यातल्याच एका गाडीचे हेडलाइट तंबू शोधण्यासाठी दोन मिनिटे लागले. समोरचे झाड क्षणापूर्वी लुकलुकत होते, ते विझून गेले. गाडीचे दिवे मालवल्यावरही काजव्यांनी पुन्हा लुकलुकायला बराच वेळ घेतला. अंधार ही त्या जागेतली उणीव आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दोन मिनिटांचा विचार करावा.

आमचे म्हणणे एकांगी होऊ नये, म्हणून आमची चूकही कबूल करतो. आमच्यातल्या एका आजींनी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. रात्री काळोखात त्या आडोशाकडे जावे लागू नये, एवढ्याचसाठी. हे आम्हांला परतीच्या वाटेवर कळले आणि आमची मान खाली गेली. साधेपणाच्या नावाखाली कोणाची, विशेषतः स्त्रियांची आणि वृद्धांची, अशी कुचंबणा होत असेल तर तो साधेपणा नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. खड्ड्याच्या शौचालयाला कडी लागणारे दार हवे, गुडघे न वाकणाऱ्यांसाठी बसायला भोकाची खुर्ची हवी, दर वेळी टाकायला राख वा माती हवी, साबण हवा, जाण्यायेण्यापुरता मिणमिणता कंदील हवा. खड्डा पाण्यापासून किमान दोनशे फूट दूर हवा. या साऱ्याला फ्लशचे पाणी लागत नाही. थोडी कल्पकता आणि दुसऱ्याची कदर लागते. कमी सोयी आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पत्करावी, दुसरी कदापि नको.

गैरसोयीत राहणे हे आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांना शोभत नाही, असाही एक सूर उमटला. पुढे अकरावे पायस म्हणून पोपपदी आलेले धर्मगुरू आकिल्ले रात्ती यांनी 1889 साली मोंते रोझा पर्वतावरची एक रात्र बर्फाळ थंडीत अरुंद कड्यावर उभ्याने काढली होती. कारोल वोयतिवा हे 1958 साली तरुणांसोबत होड्यांची सफर करीत होते, तेव्हाच त्यांना बिशपपदाचा निरोप मिळाला. वॉर्सात जाऊन त्यांनी तो स्वीकारला आणि ते पुन्हा आपल्या मंडळींकडे नदीवर परतले. पुढे ते पोप दुसरे जॉन पॉल झाले. या दोघांच्या विद्वत्तेला वा प्रतिष्ठेला डोंगरावरच्या आणि नदीकाठच्या मुक्कामाने बाध आला नाही. आपल्याला दोन दिवसांच्या पारोसेपणाने यावा?

ज्यांना तलावात डुंबायचे आहे त्यांच्याशी आमचे भांडण नाही. कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर रिसॉर्टे काय थोडी आहेत? तिथे अवश्य जावे, सहकुटुंब जावे. मात्र तेच रिसॉर्ट पाचनईच्या वावरात उचलून नेण्याचा हट्ट सोडावा. उद्या एकाने न्हाणीघर बांधले की शेजारचा बांधील, त्याचा शेजारी बोअर मारील, आणि आपण दहा वर्षांनी पुन्हा जाऊ तेव्हा काजव्यांचे झाड नसेल आणि विहिरीत वाटीभर पाणीही नसेल.

पुढच्या वर्षी मुक्काम पाचनईलाच करावा, असे आमचे मत आहे. पिण्यापुरते पाणी आपण गाडीतून न्यावे. शौचालयाला दार आपण लावून द्यावे. गाड्या गावाबाहेर उभ्या कराव्यात. आणि आंघोळ घरी परतल्यावर करावी.