मत कुरुंद्यात, मतदार परदेशात

परदेशी नोकरी वा शिक्षणासाठी गेलेल्या भारतीयाचे नागरिकत्व संपत नाही आणि २०११ पासून त्याचा मताधिकारही संपत नाही. कायद्याच्या पुस्तकात हे खरे आहे. मात्र हा अधिकार बजावायचा तर मतदानाच्या दिवशी त्याने आपल्या मूळ पत्त्याच्या मतदान केंद्रावर जातीने हजर राहिले पाहिजे, अशी अट आहे. या अटीने काय होते, हे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आकड्यांतून दिसले. देशभरात १ लाख १९ हजार ३७४ अनिवासी नागरिकांची नावे मतदारयादीत होती. मतदान केले अवघ्या २ हजार ९५८ जणांनी आणि त्यातले २ हजार ६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात अशा मतदारांची नोंद होती ५ हजार ९७. केंद्रावर पोहोचले १७.

हे आकडे अनास्थेचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. परदेशस्थांना मायदेशाच्या राजकारणावर बोलायला आवडते, मत द्यायला नको असते, असा त्यांचा अर्थ लावला जातो. हा अर्थ कितपत न्याय्य आहे, हे ठरविण्यासाठी महानगरे सोडून मराठवाड्यातील एका गावापासून विचार करावा.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे विचारवंत नरहर कुरुंदकरांचे मूळ गाव. हैदराबाद संस्थानातल्या या मुलखाला मताचा अधिकार सहजी मिळालेला नाही. निजामी राजवटीत प्रौढ मताधिकार नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या माणसाने प्रथमच सर्वांच्या बरोबरीने मत दिले. अशा गावातून समजा तिघे जण बाहेर पडले. एक सैन्यात भरती होऊन सीमेवर गेला, दुसरा भारत सरकारच्या नोकरीत दुबईतल्या वाणिज्य दूतावासात रुजू झाला आणि तिसरा त्याच दुबईत एका खासगी कंपनीत लागला. तिघेही भारताचे नागरिक. निवडणूक आली की पहिल्या दोघांसाठी मतपत्रिका घराबाहेर पडते. तिसऱ्याला मात्र मुंबई, तेथून नांदेड, नांदेडहून वसमत आणि मग कुरुंदा असा प्रवास करावा लागतो. विमानाचे तिकीट आणि बुडालेली रजा हिशेबात धरली, तर मताची किंमत महिन्याच्या पगाराच्या घरात जाऊ शकते.

हा भेद कायद्यातूनच आला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० अन्वये मतदारयादीत नाव येण्यासाठी त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण निवास’ असावा लागतो. सशस्त्र दलांतील जवान आणि परदेशी नेमणुकीवरील केंद्र सरकारी कर्मचारी यांना ‘सेवा मतदार’ मानून टपाली मतदानाची सोय देण्यात आली. खासगी कारणाने परदेशी गेलेल्यांसाठी असा मार्ग नव्हता. २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ‘२० अ’ घातले गेले आणि १० फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. त्यामुळे यादीत नाव येण्याचा अडसर दूर झाला. मत देण्याच्या पद्धतीला मात्र संसदेने हात लावला नाही.

नोंदणीची प्रक्रिया तुलनेने सुलभ आहे. पात्रतेच्या दिनांकास १८ वर्षे पूर्ण असलेल्या आणि अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या अनिवासी भारतीयाने ‘अर्ज क्रमांक ६ अ’ भरायचा असतो. तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालानेही पाठविता येतो. सोबत छायाचित्र आणि पारपत्राच्या छायाचित्र, भारतातील पत्ता व व्हिसा असलेल्या पानांच्या प्रती द्याव्या लागतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी दिलेल्या पत्त्यावर जाऊन नातेवाइकांकडे चौकशी करतो. अर्ज मंजूर झाल्यावर त्या केंद्राच्या यादीच्या अखेरीस, अनिवासी मतदारांच्या स्वतंत्र विभागात नाव येते. अशा मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. पूर्वीचे असल्यास ते परत करावे लागते. मतदानासाठी मूळ पारपत्र हाच ओळखीचा पुरावा असतो.

यातील एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. मतदारसंघ ठरतो तो पारपत्रावरील पत्त्यावरून. कुरुंद्यात वाढलेल्या, पुण्यात शिकून तेथूनच पारपत्र काढलेल्या तरुणाचे नाव वसमत विधानसभा मतदारसंघात येणार नाही, ते पुण्यात येईल. आई-वडील, शेती, सोसायटीचे कर्ज सारे कुरुंद्याला असले, तरी कायद्याच्या लेखी त्याचे गाव पारपत्रात छापले आहे तेच. म्हणून नोंदणीपूर्वी हा पत्ता तपासून घेणे आवश्यक ठरते. परत आल्यावर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून सर्वसाधारण मतदार म्हणून नव्याने नाव नोंदवावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

दूरस्थ मतदानाची तांत्रिक व्यवस्था देशात उभी नाही, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१६ मधील नियमदुरुस्तीनंतर सेवा मतदारांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविली जाते. मतदार ती परवलीच्या आकड्यांनी उघडून छापतो, खूण करतो आणि प्रतिज्ञापत्रासह टपालाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रवाना करतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १८ लाख सेवा मतदारांपैकी १० लाख ८४ हजारांच्या मतपत्रिका परत आल्या. प्रमाण ६० टक्क्यांवर गेले. सोय हाताशी असली तर दूरचा मतदारही मत देतो, हे या आकड्याने सिद्ध केले. महाराष्ट्रातील १७ च्या शेजारी तो ठेवून पाहिला की अनास्थेचा आरोप टिकत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर नियमांत ‘अनुपस्थित मतदार’ हा वर्गच निर्माण करून वृद्ध आणि दिव्यांगांना घरून मतदानाची मुभा दिली गेली. मतदाराने केंद्रावर आलेच पाहिजे, हे तत्त्व म्हणजे दगडावरची रेघ राहिलेले नाही.

अनिवासींसाठी प्रयत्नही झाले. सर्वोच्च न्यायालयात २०१३ आणि २०१४ मध्ये याचिका दाखल झाल्या. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या समितीने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका आणि प्रतिनिधीमार्फत मतदान हे दोन पर्याय सुचविले. सरकारने प्रतिनिधी मतदानाचे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये आणले. लोकसभेने ते ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केले. राज्यसभेत ते मार्गी लागले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची तयारी विधी मंत्रालयाला कळविली. त्यानंतर २०२४ ची निवडणूक झाली, ती जुन्याच अटीवर.

आक्षेप अर्थातच आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. गावातील प्रतिनिधी परदेशस्थाच्या इच्छेनुसारच मत देईल, याची हमी कोण देणार? ज्या घरात सुनेचे मत सासरा ठरवितो, तेथे दूरच्या मुलाचे मत कोण ठरवील, हे सांगायला नको. टपाली मतपत्रिकेत हा धोका कमी असला, तरी आखातातील कामगार वसाहतीत मुकादमाच्या नजरेसमोर भरलेली मतपत्रिका गुप्त कशी राहणार, हा प्रश्न उरतोच. शिवाय २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. इतक्या निसटत्या फरकात परदेशातून आलेल्या प्रत्येक लिफाफ्यावर वाद होईल, ही भीती अनाठायी नाही.

अडचण वेळेचीही आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात २०२४ साली अर्ज मागे घेण्याची मुदत ८ एप्रिलला संपली, मतदान २६ एप्रिलला झाले आणि मतमोजणी ४ जूनला. मतपत्रिका जाऊन परत यायला ५७ दिवस मिळाले असते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मात्र माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला, मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला होती. म्हणजे हाती केवळ १९ दिवस. एवढ्या अवधीत ह्यूस्टनहून निघालेला लिफाफा वसमतला पोहोचेलच असे नाही. तेव्हा मतपत्रिका दूतावासातच जमा करून घेण्याची व्यवस्था हवी. अमेरिकेने आपल्या परदेशस्थ नागरिकांसाठी १९८६ मध्ये कायदा केला. भारतासारखेच लक्षावधी कामगार आखातात पाठविणाऱ्या फिलिपिन्सने २००३ मध्ये अनुपस्थित मतदानाचा कायदा करून २००४ च्या निवडणुकीत तो राबविला. वकिलातीत जाऊन मत देण्याची सोय त्यात आहे. गुप्ततेच्या आक्षेपालाही हेच उत्तर लागू पडते, कारण तेथे मुकादम नसतो.

एक प्रश्न मात्र सुधारणेच्या समर्थकांनीही स्वतःला विचारला पाहिजे. मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, पुणे-मुंबईत बांधकामावर राबतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक आणि ऊस गाळपाचा हंगाम एकाच महिन्यात आले होते. या देशांतर्गत स्थलांतरितांसाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये ७२ मतदारसंघांचे मतदान एकाच ठिकाणी घेऊ शकणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांपुढे ठेवले. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि यंत्र प्रत्यक्ष मतदानापर्यंत गेले नाही. दुबईच्या अभियंत्याला मतपत्रिका आणि फडावरच्या कोयत्याला काहीच नाही, अशी सुधारणा झाली तर ती एका अन्यायाच्या जागी दुसरा आणील. दोघांचा प्रश्न मुळात एकच आहे: पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचे मत गावातच अडकून पडते.

तेव्हा क्रम स्पष्ट असावा. प्रतिनिधी मतदानाचा मार्ग सोडून द्यावा. सेवा मतदारांसाठी सिद्ध झालेली टपाली पद्धत आधी निवडक वकिलातींत, तेथेच मतपत्रिका जमा करण्याच्या सोयीसह लागू करावी आणि तिचा निकाल जाहीर करावा. त्याबरोबरच स्थलांतरित मजुरांच्या मतदानाचा थांबलेला विचार पुन्हा हाती घ्यावा. परदेशस्थांनीही तोवर नोंदणी टाळू नये. सुमारे दीड कोटी अनिवासी भारतीयांपैकी सव्वा लाखही नावे यादीत नसतील, तर संसदेला घाई वाटण्याचे कारण उरत नाही. अर्ज क्रमांक ६ अ आज भरला तर लगेच मत देता येईलच असे नाही; परंतु मागणी करणाऱ्यांची मोजदाद होते ती त्याच यादीत.