मागची गदा आणि पुढची कुस्ती



‘मागची कामगिरी पाहिली की निकाल आधीच सांगता येतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात मल्ल शिवराज राक्षे ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख यांनी त्यांनाच अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. नुसती किताबाची गदा पाहून भाकीत करणारा तिथे तोंडघशीच पडला असता. मग कामगिरी पाहूच नये का? जरूर पाहावी, पण जोड कोणाशी लागली होती तेही तपासावे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तर प्रतिस्पर्धी पारखून निवडता येतात; तिथला ‘अपराजित’ आकडा (सट्टेवाल्यांचा लाडका!) सहज फुगतो. १९९० मध्ये टोकियोत अपराजित टायसनला डग्लसने दहाव्या फेरीत लोळवले, तेव्हा डग्लसवर सट्ट्याचा भाव होता ४२ ला १.

– एक वाचक, फुलंब्री