रणगाडा आणताय? मग त्याच्या चेनचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पूर्ण वाचा, मग भांडा.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 ला निरोप दिला गेला. ज्या ओझरमध्ये ही विमानं बांधली गेली तिथे हळहळ होणारच. पण लष्करी यंत्र निवृत्त झालं की मागोमाग एक मागणी ठरलेली असते. आमच्या चौकात विमान द्या, आमच्या कॉलेजसमोर रणगाडा द्या. चौथरा बांधायचा, हिरवा रंग मारायचा, नारळ फोडायचा, फोटो काढायचे. पुढच्या पावसाळ्यात चाकाखाली गवत आणि तोफेला वाढदिवसाचा बॅनर!

विमानाचं पुन्हा कधीतरी. आज रणगाड्याबद्दल बोलू. आणणाऱ्यांना एकच प्रश्न आहे: त्याच्या चेनचं काय?

हसू नका. कुठल्याही पोकलेनवाल्याला विचारा, मशीन खिसा कुठे रिकामा करतं? चेन, रोलर, स्प्रॉकेट. रणगाड्याचंही तेच. लिंकला लिंक पिनने जोडलेली. चालताना प्रत्येक पिन आणि तिचं भोक केसभर झिजतं. एका बाजूला शंभरेक लिंका असल्या तर हिशोब करा, अख्खी चेन लांबते. आधी आयडलर सरकवून ताण द्यायचा, मग एखादी लिंक काढायची. त्यानंतर लिंका स्प्रॉकेटच्या दातात बसत नाहीत आणि वळणावर चेन उतरते. पन्नास टनांचा सेंच्युरियन मग जागचा हलत नाही. इंजिन कितीही ठणठणीत असो.

बरं, न चालवता उभा ठेवला तर वाचतो का? नाही. शर्मन, पॅटन यांच्या चेनमध्ये रबर असतं, ते ऊन-वाऱ्यात तडकतं. निव्वळ पोलादी चेनच्या पिना पावसाने गंजून भोकात जाम होतात. चौकात रंग मारलेला रणगाडा वरून चकाचक आणि खालून मेलेला असतो.

यात गंमत नाही, इतिहास आहे. अहिल्यानगरला 1994 पासून लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. 1965 च्या युद्धात असल उत्तरला ज्या पॅटनची मस्ती आपल्या जवानांनी उतरवली, तो पॅटन तिथे बघता येतो. पोरांना घेऊन एकदा जाच. पण इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर आजही लोकांसमोर चालवतात. वर्षातले मोजकेच दिवस चालवतात, कारण झीज परवडत नाही. शत्रूचा रणगाडा ते इतका जपतात. आपण 1965 पासून आवडीला बांधलेल्या विजयंतापैकी किती चालते ठेवणार आहोत?

आता नेहमीचे आक्षेप.

"शेतकरी मरतोय आणि तुम्हाला रणगाडे सुचतात." साहेब, चौथऱ्याला, रंगाला, उद्घाटनाच्या मांडवाला पैसा निघतोच ना? त्यातलाच थोडा पत्र्याच्या शेडला आणि सुट्या भागांना वापरा एवढंच म्हणतोय.

"सुरक्षेचा प्रश्न आहे." तोफ निकामी करा, हरकत नाही. चेन कुणावर गोळी झाडत नाही.

"जुने भाग आता मिळत नाहीत." मिळणार कसे? आधी भंगारात घालायचे आणि मग नाहीत म्हणून रडायचं! आयएनएस विक्रांतचं काय झालं आठवा. 1971 गाजवलेली, 1997 ला निवृत्त झालेली, मुंबईत संग्रहालय झालेली युद्धनौका. 2012 ला धोकादायक म्हणून बंद, 2014 ला लिलाव आणि तोडफोड. देखभाल वेळेवर झाली नाही की वारशाचं भंगार होतं, दुसरं काही नाही.

आणि नव्याने बनवणं अशक्य आहे का? सेंच्युरियनसारख्यांची चेन मँगनीज पोलादाची ओतलेली असते. साधारण 12 टक्के मँगनीज, हजार अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवलेलं. जितकं ठोकाल तितका पृष्ठभाग कठीण होतो. खडी क्रशरच्या जबड्याच्या प्लेटा याच पोलादाच्या! सातपूर, अंबड, सिन्नरला ओतकाम आणि रबर जाणणारे हात आहेत. ओझरने विमानं बांधली, आपल्याला लिंक आणि पिन जमणार नाही? फक्त ड्रॉइंग हवं, आणि ओतकामाचा पॅटर्न हवा.

म्हणून मागण्या तीनच:

1. रणगाडा प्रदर्शनाला देताना चेनचा एक पूर्ण जादा जोड, पिना आणि स्प्रॉकेटसकट द्या. शेड असल्याशिवाय देऊच नका.

2. एखादा प्रकार सेवेतून काढला की सुट्या भागांच्या लिलावाआधी काही संच संग्रहालयांसाठी बाजूला काढा. ड्रॉइंग आणि पॅटर्न रद्दीत घालू नका.

3. जे तुटलं ते इथल्या कारखान्यांकडून आणि आयटीआयच्या पोरांकडून बनवून घ्या. पोरं शिकतील, गाडी चालेल.

एवढं जमणार नसेल तर कृपया रणगाडा मागू नका. फायबरचा पुतळा उभा करा, स्वस्तात पडेल आणि निदान गंजणार तरी नाही.

पटलं तर शेअर करा, आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला टॅग करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, पण मुद्द्याचं बोला.