स्वतःच्या वेळेचा मालक

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी कायमची गेली. तिच्या शेवटच्या गाडीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच तिला निवृत्त होणे भागच होते. त्या निमित्ताने बरेच हळवे लिखाण झाले. मात्र गाडीच्या आठवणी काढताना, ती चालविणाऱ्याचा धंदा त्यापूर्वीच आमूलाग्र बदलला होता, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ‘ओला’ स्थापन झाली, २०१३ मध्ये ‘उबर’ भारतात आली आणि पाहता पाहता नाक्यावर उभे राहून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या चालकाच्या जागी मोबाइलवर नजर ठेवून बसलेला चालक दिसू लागला. हा धंदा पत्करावा, की कमी पगाराची का होईना पण नोकरीच धरावी, असा प्रश्न आज अनेक सुशिक्षित तरुणांपुढे आहे. त्याचे उत्तर भाबड्या कौतुकाने मिळणार नाही, तसेच सरसकट निंदेनेही मिळणार नाही.

या धंद्याचे लाभ खरे आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पहिला लाभ म्हणजे तो दार बंद करून बसलेला नाही. जुन्या टॅक्सीच्या धंद्यात परवाना ही एक मिळकतच होती. परवाने मोजके, ते एकाच्या नावावर आणि गाडी चालविणारा दुसराच, असा प्रकार सर्रास चाले. चालक दिवसाचे ठरलेले भाडे गाडीमालकाच्या हाती ठेवी आणि उरेल त्यावर संसार चालवी. नव्या व्यवस्थेत स्वतःची गाडी घेऊन धंद्यात उतरणे त्यामानाने सुकर झाले. हलके वाहन चालविण्याचा परवाना असलेल्याला टॅक्सी चालविण्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. येथे मुलाखत नाही, वशिला नाही आणि नेमणुकीच्या पत्रासाठी खेटे घालणेही नाही. गावाकडून आलेल्या आणि शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या माणसाला याचे मोल कळते.

दुसरा लाभ वेळेचा. घरात आजारी माणूस असेल, मुलाची परीक्षा असेल, गावी पेरणीची घाई असेल, तर रजेचा अर्ज करावा लागत नाही. ही गोष्ट केवळ सोयीची नव्हे. अमेरिकेतील चालकांविषयी ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की, कामाचे तास स्वतः ठरविण्याच्या मुभेमुळे चालकांच्या पदरी पडणारा लाभ हा तशी मुभा नसलेल्या व्यवस्थेतील लाभाच्या दुपटीहून अधिक आहे. तिसरा लाभ हिशेबाचा. प्रत्येक फेरीची नोंद राहते, मीटरवरून हुज्जत होत नाही, बरेचसे पैसे थेट बँकेत जमा होतात आणि त्या खात्याच्या उताऱ्यावर बँकेपुढे आपली मिळकत दाखविता येते. असंघटित क्षेत्रात उभा जन्म काढलेल्या अनेकांना हे कधीच साधले नव्हते.

असे असूनही अमेरिकेतील अनुभव जसाच्या तसा आपल्याकडे लागू करणे चुकीचे ठरेल. तेथे ही पद्धत रुजली ती घरची गाडी फावल्या वेळात चालवून चार पैसे जोडण्याच्या कल्पनेतून. शिक्षकाने संध्याकाळी दोन तास गाडी चालवावी, विद्यार्थ्याने रविवारी चालवावी, असा तो प्रकार. आपल्याकडे पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने चालविता येत नाही. त्यासाठी पिवळी पाटी, व्यावसायिक नोंदणी, वेगळा विमा आणि परवाना लागतो. साहजिकच येथील चालक हौशी नसतो; तो कर्ज काढून गाडी घेतलेला पूर्ण वेळचा व्यावसायिक असतो. कर्ज आले की वेळेच्या स्वातंत्र्याचा अर्थही बदलतो.

हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहता येईल. समजा, दिवसभरात प्रवाशांनी मिळून तीन हजार रुपये दिले. कंपनीने त्यातला पाचवा हिस्सा घेतला तर चालकाच्या हाती दोन हजार चारशे येतील. सीएनजीचे आठशे वजा केले, महिना पंधरा हजारांच्या हप्त्यापोटी रोजचे पाचशे काढले, विमा, टायर आणि दुरुस्तीसाठी तीनशे बाजूला ठेवले, तर उरतात आठशे. त्यासाठी बारा तास चाकावर बसावे लागले असेल, तर तासाला सत्तर रुपयेही पडत नाहीत. शिवाय प्रवासी सोडून रिकामे परतताना पेट्रोल-गॅस जळतोच, भाडे मात्र मिळत नाही. गाडी दररोज झिजते ती वेगळीच. पाच वर्षांनी हप्ते फिटतात तेव्हा गाडीची किंमतही बरीच उतरलेली असते. म्हणजे रोज हाती येणाऱ्या रकमेतला काही भाग कमाई नसून स्वतःच्याच भांडवलाचा थोडा थोडा लिलाव असतो. दुकानदार घसारा धरतो. चालकाने तो धरला नाही तर त्याला आपली मिळकत आहे त्याहून मोठी वाटत राहते.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. ‘तुमचा साहेब कोणी नाही’ असे चालकाला सांगितले जाते. पण भाडे किती आकारायचे हे तो ठरवीत नाही. कोणता प्रवासी मिळावा हे त्याच्या हाती नाही. मागच्या आसनावर बसलेल्या माणसाने दिलेल्या ताऱ्यांवर त्याचे पुढचे काम अवलंबून असते आणि त्याचे खाते बंद झाले तर दाद मागायला समोर खुर्चीत बसलेला माणूसही नसतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. भाडे, अटी आणि शिस्त कंपनी ठरवीत असेल, तर चालकांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणता येणार नाही. किमान वेतन आणि पगारी रजा हा त्यांचा हक्क आहे, असा निवाडा त्या न्यायालयाने ‘उबर’च्या प्रकरणात दिला. मुंबईतही २०१८ च्या ऑक्टोबरात चालकांना संपावर जावे लागले. ज्याला साहेब नाही, त्याने संप कोणाविरुद्ध केला, याचे उत्तर अवघड नाही.

आपल्याकडे कायद्याने या प्रश्नाची दखलच घेतली नाही, असे नाही. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा चालकाला मिळावा आणि दिवसाला १२ तासांपेक्षा अधिक काळ त्याने कामावर नसावे, असे सुचविले. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमिकांना प्रथमच कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद केली. ती संहिता मंजूर झाली २०२० मध्ये. अमलात आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून पुढाकार घेतला. नीती आयोगाच्या अंदाजानुसार अशा श्रमिकांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल. एवढ्या मोठ्या वर्गाला पाच वर्षे तिष्ठत ठेवणे शोभणारे नव्हते. आता निदान नोंदणी, अपघात विमा आणि खाते बंद करण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था, या गोष्टी कागदावर राहू नयेत.

कंपनीची मक्तेदारी अटळ आहे, असेही मानण्याचे कारण नाही. बेंगळुरूमध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहकार्याने २०२२ मध्ये ‘नम्मा यात्री’ सुरू झाली. तेथे फेरीमागे टक्केवारी कापली जात नाही. चालक दिवसाकाठी ठरावीक अल्प रक्कम भरतो आणि भाडे पूर्णपणे त्याचेच राहते. सहकारी तत्त्वावर टॅक्सीसेवा उभारण्याची घोषणा केंद्राने मार्च २०२५ मध्ये केली. ज्या महाराष्ट्रात प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी आपला साखर कारखाना उभारला, त्याला ही कल्पना परकी वाटू नये. सहकाराचे राजकारणाने पुढे काय केले, हेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून चालकांनी अशा संस्थेत सभासद म्हणून शिरताना हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क आधी मागून घ्यावा.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाला परावृत्त करण्याचे कारण नाही. त्याने गाडीचा हप्ता झेपेल एवढाच ठेवावा, झीज हिशेबात धरावी आणि हप्ते फिटल्यावरच आपण वेळेचे मालक होऊ, हे ओळखून पाऊल टाकावे. शासनाने कायद्याने कबूल केलेले त्याला वेळेवर द्यावे. राहता राहिला मागच्या आसनावर बसणारा मध्यमवर्गीय. स्वतःच्या महागाई भत्त्यासाठी मोर्चा काढणाऱ्या या वर्गाने, दहा मिनिटे उशीर झाला म्हणून एक तारा देताना, समोर बसलेल्या माणसाचा आजचा बारावा तास तर चालू नाही ना, एवढे तरी विचारून पाहावे.