ब्राउझर बदललात? तिसऱ्या दिवशी पळून जाऊ नका!

नवा ब्राउझर टाकायचा, दोन दिवस मिरवायचा, तिसऱ्या दिवशी एखादी साइट उघडली नाही की ‘बेकार आहे रे’ म्हणून काढून टाकायचा आणि गुपचूप क्रोमवर परत यायचं. तुमच्या ग्रुपमध्ये हा प्रवास केलेले दोन-चार जण नक्की सापडतील. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. माझं म्हणणं असं की त्या तिसऱ्या दिवशी थांबा. काय बिघडलंय ते शोधायला वीस मिनिटं द्या. मोबाइलचं कव्हर निवडायला आपण अर्धा तास घालवतो, पण ॲडमिशन, निकाल, स्कॉलरशिप, बँक हे सगळं ज्या खिडकीतून होतं, तिच्या सेटिंग्जचं पान आपल्यातल्या बहुतेकांनी एकदाही वरपासून खालपर्यंत वाचलेलं नसतं.

इथं उदाहरण फायरफॉक्सचं आहे, कारण बदल म्हणावा असा बदल तिथंच होतो. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही पाटीवरची नावं वेगळी, पण आतलं इंजिन एकच : गुगलच्या पुढाकारानं चालणारं क्रोमियम. मायक्रोसॉफ्टनंसुद्धा जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून तेच घेतलं. ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको, एवढे दोनच मोठे भिडू बाहेर उरलेत. (आयफोनवाल्यांनो, आपल्याकडे आयफोनवरचा फायरफॉक्सही आतून वेबकिटवरच चालतो. त्यामुळे पुढचं सगळं लॅपटॉप-डेस्कटॉपसाठी समजा.)

इंजिन एकाच्याच हातात असलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण यूब्लॉक ओरिजिनचं. जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवणारं हे फुकट एक्स्टेन्शन. क्रोमनं एक्स्टेन्शनसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ नावाचे नवे नियम आणले आणि २०२४-२५ मध्ये ते लोकांच्या क्रोमवर बंद पडत गेलं. त्याचं ‘लाइट’ भावंड तेवढं उरलं, पण ते तेवढं काम करू शकत नाही. वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. फायरफॉक्सवर मूळ एक्स्टेन्शन आजही चालतं.

म्हणून बदल करणाऱ्यांचं कौतुक आहे. पण खरी मेहनत घर बदलल्यानंतर सामान लावण्यातच असते.

पहिलं सामान म्हणजे बुकमार्क आणि पासवर्ड. बुकमार्क फायरफॉक्स सहज उचलून आणतो. पासवर्ड कधीकधी अडतात. मग क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढून ती इकडे आणावी लागते. इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही : त्या फाइलमध्ये तुमचा प्रत्येक पासवर्ड उघडा, साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. काम झालं की ती पुसा आणि रिसायकल बिनमधूनही काढा. हॉस्टेलवर लॅपटॉप चार हातांतून फिरत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावून टाका. नाहीतर साठवलेले पासवर्ड दोन क्लिकमध्ये कुणीही वाचू शकतो.

आता तिसऱ्या दिवसाकडे. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, रात्रीचे दहा वाजलेत आणि ‘सबमिट’ दाबल्यावर काहीच होत नाही. अशा वेळी आपण दोनच गोष्टी करतो : बटण पुन्हा पुन्हा दाबतो, नाहीतर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असा मेसेज ग्रुपवर टाकतो. कधीकधी सर्व्हर खरंच झोपलेला असतो. पण बऱ्याचदा दोष आपल्याच खिडकीत असतो, आणि तो कुठं आहे हे कळण्याची एक रीत आहे. गाडी रस्त्यात बंद पडली तर आपण आधी पेट्रोल बघतो, मग प्लग. इंजिन खोलायला कुणी लगेच बसत नाही. इथंही तसंच.

सगळ्यात आधी कंट्रोल-शिफ्ट-आर. यानं पान जुनी साठवलेली प्रत न वापरता नव्यानं उतरतं. पण भरलेली माहिती उडू शकते, तेव्हा ती आधी नोटपॅडमध्ये ठेवा. त्यानं भागलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून प्रायव्हेट विंडो उघडा आणि तीच साइट तिथं बघा. फायरफॉक्समध्ये तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर प्रायव्हेट विंडोत एक्स्टेन्शन चालत नाहीत आणि जुन्या कुकीजही नसतात. म्हणजे साइट तिथं नीट चालली तर गुन्हेगार दोघांपैकी एक : एखादं एक्स्टेन्शन किंवा शिळी कुकी. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज पुसता येतात. सगळा इतिहास धुऊन काढायची गरज नाही. तेवढ्यानं झालं नाही तर एक्स्टेन्शन बंद करून बघा. दहा असतील तर एकेक करत बसू नका, निम्मी बंद करा. साइट चालली तर दोष त्या निम्म्यात, नाही चालली तर उरलेल्यात. पुन्हा निम्मी. तीन-चार फेऱ्यांत चोर हातात येतो.

प्रायव्हेट विंडोतही अडलं तर पत्त्याच्या पट्टीतली ढाल बघा. ही माग काढणारे कोड अडवते, पण सेटिंग ‘स्ट्रिक्ट’वर ठेवली असेल तर कधीकधी कामाचा कोडही अडवून बसते. तिच्यावर क्लिक करून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. काम झालं की पुन्हा चालू करा.

फी भरताना मात्र वेगळाच खेळ असतो. बँकेचं पान पुष्कळदा नव्या खिडकीत उघडतं, ब्राउझर तिला पॉप-अप समजून अडवतो आणि वर बारीकशी पट्टी दाखवतो. ती पट्टी आपण वाचत नाही आणि ‘पे’ पुन्हा दाबतो. पट्टीतून त्या साइटला परवानगी द्या. दुसऱ्यांदा ‘पे’ दाबण्याआधी बँकेचा मेसेज आलाय का तेवढं बघा. पैसे दोनदा गेले तर ते परत मिळवण्यातच सेमिस्टर जातं.

लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरची गंमत निराळी. तिथं कधीकधी प्रत्येकच साइट ‘असुरक्षित’ दिसते आणि पोरं ब्राउझरला शिव्या घालतात. घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की बंद करून चालू केलेला कॉम्प्युटर काही वर्षं मागे जातो. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या मध्येच वैध असतं, त्यामुळे मागे गेलेल्या कॉम्प्युटरला ते खोटं वाटतं. तारीख दुरुस्त केली की सगळं सुरळीत. मात्र तारीख बरोबर असताना बँकेच्या साइटवर तोच इशारा आला तर तिथून मागे फिरा. ‘तरीही पुढे जा’ हे बटण त्या प्रसंगासाठी नाही.

इतकं करूनही अडलं, किंवा व्हिडिओ अडखळतोय, स्क्रीन मधूनच काळी होतेय, असं असेल तर मदतीच्या मेनूतला ‘ट्रबलशूट मोड’. यात एक्स्टेन्शन, थीम आणि ग्राफिक्स कार्डाची मदत हे सगळं तात्पुरतं बाजूला होतं. तरीही तेच? मग पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोफाइल्स’ टाइप करून एक कोरी प्रोफाइल तयार करा. कोऱ्या प्रोफाइलमध्येही साइट चालत नसेल तर तुमच्या ब्राउझरवरचा आरोप जवळजवळ मिटला. दोष साइटचा तरी, नाहीतर नेटवर्कचा तरी. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तेही ठरवता येतं.

ही सगळी धडपड टाळायला क्रोम उघडणं सोपं आहे, कबूल. फॉर्मची मुदत बारा वाजता संपत असेल तर अकरा वाजता खुशाल क्रोम उघडा, तत्त्वासाठी वर्ष घालवू नका. पण दुसऱ्या दिवशी परत येऊन कारण शोधा.

मनासारखं सजवण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. नवा ब्राउझर आला की पहिल्याच संध्याकाळी वीस एक्स्टेन्शन टाकणाऱ्यांनी तो हळू चालतो अशी तक्रार करू नये. ‘सर्व वेबसाइटवरील तुमची माहिती वाचणे’ ही परवानगी एखाद्या स्क्रीनशॉटच्या एक्स्टेन्शनला देताना आपण नेमकं काय देतोय, हे एकदा शांतपणे वाचा. सुरुवातीला यूब्लॉक ओरिजिन पुरे. कॉलेजचं आणि घरचं अशी दोन ईमेल खाती एकाच वेळी उघडी हवी असतील तर मोझिलाचंच ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ घ्या. बाकीचं आठवड्याला एक याच हिशेबानं. नवं काही टाकल्यावर बिघाड झाला तर निदान कशानं झाला ते कळतं.

‘अबाउट:कॉन्फिग’ हे पान पूर्वी उघडलं की ‘तुमची वॉरंटी जाऊ शकते’ असा गमतीदार इशारा यायचा आणि ‘मी काळजी घेईन, वचन देतो’ अशा अर्थाचं बटण दाबावं लागायचं. आता साधा इशारा येतो. तिथं शेकडो खटके आहेत. यूट्यूबवर कुणी ‘वेग दुप्पट करा’ म्हणून पंधरा खटके बदलायला सांगितले तर बदलू नका. एखादा बदललाच तर त्याचं नाव कुठंतरी लिहून ठेवा.

एक बदल मात्र प्रत्येक मराठी वाचणाऱ्यानं करावा. सेटिंग्जमधल्या फाँटच्या प्रगत पर्यायांत भाषांची यादी येते, तिथं ‘देवनागरी’ निवडा. मग आपल्या पसंतीचा फाँट आणि किमान आकार ठरवता येतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो आणि पडद्यावर डोळ्यांना सुखाचा आहे. बऱ्याच साइट्स इंग्रजीच्या मापानं अक्षर ठेवतात, त्यात आपले जोडाक्षर आणि रफार मुंग्यांसारखे दिसतात. किमान आकार १६ ठेवून बघा. जमलं तर ब्राउझरची भाषाच मराठी करा. फायरफॉक्सचे मेनू मराठीत आहेत आणि त्यामागे स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. एखादा शब्द खटकला तर दुरुस्ती सुचवायलाही तिथं जागा आहे.

फायरफॉक्स म्हणजे संत, असं मात्र समजू नका. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गुगललाच मुख्य सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतो. जुलै २०२४ मध्ये १२८व्या आवृत्तीबरोबर जाहिरातींचा परिणाम मोजण्याची एक सोय न विचारता चालू करून दिली होती, त्यावरून चांगलाच गदारोळ झाला. म्हणजे खटके इथंही दुसऱ्यानंच लावलेले असतात. फरक इतका की ते फिरवायची मोकळीक जास्त आहे. आणि जाहिराती अडवण्याबद्दलही खरं बोलू. तुम्ही आत्ता वाचताय ते पानसुद्धा जाहिरातींच्या जिवावर छापलं जातं. ज्या साइट्स रोज वाचता, ज्या अंगावर धावून येणाऱ्या जाहिराती दाखवत नाहीत, त्यांच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवायला दोन सेकंद लागतात.

आता उरला शेवटचा प्रकार : सगळं तपासून झालं आणि साइट फक्त क्रोमवरच चालते. हा रोग जुना आहे. एके काळी सरकारी साइटच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल’ अशी ओळ असायची. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला त्या एक्सप्लोररचा आधार काढला, पण फक्त एका ब्राउझरवर साइट तपासायची सवय काही गेली नाही, ब्राउझर तेवढा बदलला. अशा साइट्सची दुरुस्ती फायरफॉक्स स्वतःच्या पोटात करत असतो. ‘अबाउट:कॉम्पॅट’ लिहून ती यादी बघा, मजा येते. काही ठिकाणी तर तो चक्क आपण क्रोम आहोत असं सांगून आत शिरतो. गंमत म्हणजे क्रोमसुद्धा प्रत्येक साइटला आपली ओळख ‘मोझिला ५.०’ या शब्दांनी सुरू करूनच देतो. नेटस्केपच्या काळातली ती सोंगं अजून चालू आहेत.

पण विद्यार्थ्यांच्या फॉर्मची साइट म्हणजे काही सोंगं घेण्याची जागा नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि साइट वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासलेली असावी, अशी अपेक्षा त्यांत आहे. तेव्हा हेल्पडेस्कला मेल लिहा. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर ‘क्रोम वापरा’ असं एका ओळीचं उत्तर येईल. म्हणून विंडोजची आणि ब्राउझरची आवृत्ती लिहा, तारीख-वेळ लिहा, कुठल्या पानावर कुठलं बटण दाबल्यावर काय झालं ते क्रमानं लिहा, प्रायव्हेट विंडोत आणि कोऱ्या प्रोफाइलमध्ये तपासल्याचं सांगा, स्क्रीनशॉट जोडा. फॉर्मच्या मुदतीआधी पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. उद्या मुदत हुकल्याचं तुमच्याच माथी मारलं गेलं, तर तो मेल तुमच्या बाजूनं बोलेल.